उलटं करून बघणारे काका

कॉफीचं यंत्र घ्यायचं ठरलं तर ते काकांच्या कानावर जाता कामा नये. नवराबायकोंनी दार लावून ठरवावं, दुकान बंद व्हायच्या सुमाराला जावं, खोकं डिकीत टाकावं आणि घरी आल्या आल्या फाडून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपावं. एवढं करूनही शनिवारी सकाळी बेल वाजते. दारात काका. हातात काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा, खिशात बारीक टॉर्च आणि नजर आपल्या खांद्यावरून थेट ओट्याकडे. "घेतलंस म्हणे," एवढंच म्हणतात आणि बूट काढायला वाकतात. बूट काढले की आधी तेही उलटे करून बर्फ झटकतात. तो सराव असतो.

काका तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्या सोसायटीत ते गीझरवर बोलत असतील, नाही तर इन्व्हर्टरवर. आमच्या इथे, कॅनडातल्या मिसिसागात, ते ड्रिप कॉफीच्या यंत्रावर बोलतात. त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांना विचारल्याशिवाय काही घ्यायची कुणाची छातीही होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, ते मला इतक्या वर्षांत उलगडलेलं नाही.

तर सवय. वस्तू कुठलीही असो, हातात आली की काका ती आधी उलटी करतात. लोक यंत्राचं तोंड बघतात, काका बूड बघतात. तिथे एक चंदेरी नाही तर काळी चिकटपट्टी असते. तिच्यावर किती व्होल्ट, किती वॉट, सीएसएची, म्हणजे सुरक्षिततेची, खूण आहे की नाही, कधी बनलं, कुठे बनलं, असं सगळं इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ते वाचायचं नाही असा कंपनीचा आणि गिऱ्हाइकाचा समजूतदार करारच झालेला असतो. काकांनी त्या करारावर सही केलेली नाही. टॉर्च त्यासाठीच. आणि कपाळावरून नाकावर घसरणारा चष्मा.

ब्रॅम्प्टनला एकांच्या नव्या घरी सत्यनारायण होता. गुरुजी तिसऱ्या अध्यायावर होते आणि काका स्वयंपाकघरात. यजमानांनी हौसेने घेतलेलं नवंकोरं यंत्र पाहुण्यांसाठी पाणी भरून, पूड घालून तयार ठेवलेलं. नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. काकांनी ते उचललं आणि उलटं केलं. टाकीतलं पाणी आधी त्यांच्या बाहीत गेलं, मग ओट्यावर आणि मग प्रसादाच्या शिऱ्याच्या दिशेने निघालं. यजमानीणबाई धावत आल्या. काका चष्मा नीट करत म्हणाले, "नऊशे वॉट. मला वाटलंच होतं." माफी वगैरे काही नाही. उलट नऊशे वॉटचं यंत्र घेतल्याबद्दल त्यांनीच मोठ्या मनाने यजमानांना माफ केलं होतं.

बारशाला गेले तर खुळखुळा उलटा. पाळण्याखाली वाकून बघणं. मग त्यांनी कौतुकाने बाळाकडे हात पसरले तेव्हा बाळाची आई दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "काका, त्याला नको हं." मंडळाच्या गणेशोत्सवात चहाकॉफीसाठी शंभर कपांचं मोठं भांडं आणतात. एका वर्षी ते काकांनी तिरकं केलं होतं, तेव्हापासून स्वयंसेवकांनी त्याच्यावर कागदच चिकटवलाय: ‘१५०० वॉट. सीएसए आहे. कृपया उलटं करू नये.’ काका दरवर्षी तो कागद वाचतात, कागद किंचित उचलून त्याच्या मागे काही लिहिलंय का ते बघतात आणि मान हलवतात.

जावई उलटा करून बघता येत नाही, ही त्यांना एकूण विवाहसंस्थेतली मोठी त्रुटी वाटते. मुलीने विनिपेगचा गोरा मुलगा पसंत केला. साखरपुड्याला त्याचे आईवडील भेटले तेव्हा काकांनी हवापाण्याच्या गप्पांनंतर हळूच विचारलं, "तुमचे वडील किती वर्षं होते?" एक्याण्णव, असं उत्तर आलं. काकांचा चेहरा उजळला. काकूंकडे वळून मराठीत म्हणाले, "मॉडेल जुनं आहे पण चांगलं आहे."

आमचं यंत्र बंद पडलं ते ऐन जानेवारीत. बायकोची मागणी एका वाक्याची होती: "सकाळी साडेसहाला उठले की कॉफी हवी, बाकी मला काही ऐकायचं नाही." एवढं सोपं काम होतं. पण काकांना कळलं. कसं कळलं ते सांगत बसत नाही. हिने काकूंना सांगितलं, काकूंनी ‘तुम्ही लक्ष घालू नका हं’ असं म्हणून काकांना सांगितलं.

मग फोन सुरू झाले. "बघ की," काका म्हणाले (ते मूळचे सांगलीचे, वालचंद कॉलेजचे इंजिनियर, त्यामुळे मिसिसागात पन्नासेक हिवाळे काढूनही त्यांचा ‘की’ गेलेला नाही), "बघ की, आत काय असतंय? काही नसतंय. तळाला एक वाकडी नळी, तिला चिकटून तापणारी तार. टाकीतलं गार पाणी एका झडपेतून नळीत उतरतं. तिथं उकळतं. बुडबुडे होतात आणि ते बुडबुडेच पाणी ढकलत वर नेतात. पंप नाही, बिंप नाही. झडप एकमार्गी, म्हणून पाणी परत टाकीत येत नाही. वर गेलं की कॉफीवर पडतं. आणि तीच तार खालच्या तबकडीला तापवते. एका तारेत दोन कामं! हे ज्याच्या डोक्यात आलं त्याला भेटायला पाहिजे होतं मला."

मी म्हणालो, "मग कुठलंही घेतलं तरी चालेल?"

फोनवर शांतता पसरली. मी काय बोलून बसलो ते मला त्या शांततेत कळलं.

पुढचा पाऊण तास मला पुढील ज्ञान मिळालं. कॉफीला पाणी ९० ते ९६ अंशांचं लागतं. त्याखाली आंबट उतरते, उकळत्या पाण्याने कडू. स्वस्त यंत्रांतलं पाणी पहिल्या मिनिटाला कोमटच असतं आणि योग्य तापतं तेव्हा अर्धी कॉफी गळून गेलेली असते. म्हणून वॉट बघायचे, म्हणून बूड बघायचं. एक लिटर पाण्याला ५५ ग्रॅम पूड; चमच्याने मोजणारा माणूस इंजिनियर असूच शकत नाही. ‘बारा कप’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं त्यातला कप दीडशे मिलिलिटरच्या आसपासचा असतो. घरातल्या मगांनी मोजलं तर सहा मग होतात, तेव्हा बाराचं यंत्र घेऊन बारा पाहुणे बोलवायचे नाहीत. काचेचं भांडं आणि खाली तापती तबकडी असेल तर अर्ध्या तासात कॉफी करपते. टिम हॉर्टन्सवाले वीस मिनिटांनी भांडं ओतून नवीन करतात ते काय वेडे आहेत? त्यापेक्षा थर्मासचं भांडं बरं. पण थर्मासच्या आत हात जात नाही, मग ते घासायचं कसं? मग काच बरी. पण काच फुटते आणि सुटं भांडं मिळत नाही, मिळालं तर यंत्राच्या निम्म्या किमतीला. मग थर्मासच बरा. इथे एक वर्तुळ पूर्ण झालं आणि काका दुसऱ्या वर्तुळाला लागले.

"घड्याळवालं घेऊ नकोस," हे मात्र त्यांनी निक्षून सांगितलं. "ज्या यंत्राला वेळ कळते त्याची वेळ लवकर भरते."

आणि क्षार. किचनर-वॉटर्लूकडचं पाणी जमिनीतून उपसलेलं, जड. तिथल्या किटल्यांच्या आत चुन्याचा गिलावा केल्यासारखं होतं. आपलं पाणी ऑन्टारिओ सरोवराचं, त्यामानाने हलकं, पण तरीही तळातल्या नळीत क्षार बसतात, नळी अरुंद होते, यंत्र खोकायला लागतं, आणि लोक म्हणतात बिघडलं. बिघडलेलं नसतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घालून चालवायचं, मग दोनदा नुसत्या पाण्याने. काकांचं म्हणणं, या देशात कचऱ्यात पडलेली निम्मी यंत्रं फक्त व्हिनेगर न मिळाल्याने गेलेली आहेत. किचनरला त्यांचे एक जुने मित्र राहतात. दर महिन्याच्या एक तारखेला काका त्यांना फोन करून प्रकृती विचारतात. यंत्राची. मित्राला बायपास झाली त्या महिन्यातही फोन आधी यंत्रासाठीच होता, असं मित्र स्वतः सांगतो.

एका रविवारी ते मला घेऊन दुकानात गेले. कॅनेडियन टायर म्हणजे टायरपासून तव्यापर्यंत सगळं मिळणारं इथलं १९२२ पासूनचं दुकान. तिथले खोटे पैसे खऱ्या पैशांसारखे चालतात. १९५८ पासून ही कुपनं निघतात आणि काकांनी कागदी कुपनांचा गठ्ठा बिस्किटाच्या डब्यात ठेवलाय, हे त्यांच्या मृत्युपत्रात असेल. मांडणीवर अकरा यंत्रं होती. काकांनी पहिलं उलटं केलं. दुसरं उलटं केलं. तिसऱ्याला चोरी होऊ नये म्हणून साखळी बांधलेली होती, ते अर्धंच उलटं झालं, म्हणून काकाच अर्धे उलटे झाले. एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, छातीवर बिल्ला, धावत आला आणि काही मदत हवी का म्हणाला. काकांनी त्याला विचारलं, "याचा थर्मल फ्यूज बदलता येतो?" पोराने यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हे निळ्या रंगातही येतं."

काका त्या पोरावर चिडले नाहीत हे मला नवल वाटलं. त्यांनी त्याला तळाचे स्क्रू दाखवले. नेहमीचा पेचकस चालू नये म्हणून त्रिकोणी खाचेचे होते. "हे बघ," काका म्हणाले, "ज्याला हे उघडायची भीती वाटते त्यानेच हे बनवलंय." पोरगा खाली वाकून बघत राहिला. मग त्याला लाउडस्पीकरवरून कुणीतरी बोलावलं.

अर्थातच आम्ही काही घेतलं नाही. काकांबरोबर जाऊन कुणी काही घेतल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्या मते घेण्यालायक यंत्र एकच. नेदरलँड्समधल्या आमेरोंगन गावात १९६०च्या दशकापासून हातांनी जुळवतात ते, मोक्कामास्टर. तांब्याची तार, पाच वर्षांची वॉरंटी, प्रत्येक भाग सुटा मिळतो. किंमत ऐकून बायको म्हणाली, "चारशे डॉलरच्या वर? कॉफी पाजून वर पायपण दाबतं का?" काका म्हणाले, "वीस वर्षांनी भाग." म्हणजे वीस वर्षांनी किमतीला भागायचं. ती म्हणाली, "वीस वर्षांनी आपण कुठे असू?" काकांना हा प्रश्न कळलाच नाही. यंत्र असेल ना.

एकेका कपापुरती पूड भरलेल्या डब्या (पॉड) लागणाऱ्या यंत्रांचं त्यांच्या घरात नाव काढायची सोय नाही. क्यूरिग कॅनडाला त्या डब्यांच्या पुनर्चक्रीकरणाबद्दल दिशाभूल करणारे दावे केल्यावरून २०२२ मध्ये कॉम्पिटिशन ब्यूरोशी तडजोड करून ३० लाख डॉलरचा दंड भरावा लागला, ते कात्रण काका पाकिटात बाळगतात. नातवंडांचे फोटो असतात त्या कप्प्यात. आणि २०२३ साली क्यूबेकने लवकर बिघडेल अशा बेताने वस्तू बनवण्याविरुद्ध कायदा केला तेव्हा तर त्यांनी घरच विकायला काढलं होतं. "माँट्रियलला जायचं," म्हणाले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला फ्रेंच येत नाही." काका म्हणाले, "वाचता येतं की!" हे खरं आहे. या देशात प्रत्येक माहितीपत्रक इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत असतं आणि काका दोन्ही वाचतात. इंग्रजीत लपवलेलं काही फ्रेंचमध्ये चुकून खरं लिहून गेले असतील, या आशेवर. त्यांचं फ्रेंच संपूर्णपणे माहितीपत्रकांतून आलेलं असल्यामुळे माँट्रियलला गेले तर ते कुणाला नमस्कार करू शकणार नाहीत, पण ‘यंत्र पाण्यात बुडवू नये’ असं अस्खलित सांगू शकतील.

आता यातली गंमत. काका कॉफी पितच नाहीत. त्यांना चहा लागतो. आलं घालून, साखर जरा जास्त, स्टीलच्या पातेल्यात उकळलेला. त्यांच्या तळघरात आजमितीला चार कॉफीयंत्रं ‘निरीक्षणाखाली’ आहेत, शेजारी थर्मामीटर, वजनकाटा आणि वही. दररोज एक चालवतात, तापमान लिहितात आणि कॉफी मोरीत ओततात. काकूंना कॉफी आवडते. पण त्यांची कॉफी म्हणजे दूध तापवायचं, साखर, चमचाभर पूड, वरून जायफळ किसायचं. "याला वीज नाही की वॉरंटी नाही," काकू म्हणतात. "जायफळाला बूड असतं का हो?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि काकांनी खरंच जायफळ उलटं करून बघितलं, अशी वदंता आहे. काकू ती नाकारत नाहीत.

शेवटी बायकोने आठवडी जाहिरातीत बघून तीस डॉलरचं यंत्र आणलं. काळं, प्लॅस्टिकचं, घड्याळवालं. काका आले, त्यांनी ते उलटं केलं, बराच वेळ उलटंच धरलं, आणि म्हणाले, "आठ महिने." त्याला आता काही वर्षं झाली. ते यंत्र रोज साडेसहाला कॉफी करतं. काका दर भेटीत त्याच्याकडे, बारावीला नापास होऊन आमदार झालेल्या विद्यार्थ्याकडे बघावं, तसे बघतात. मी त्याला व्हिनेगर पाजतो हे मी काकांना सांगितलेलं नाही. त्यांना तेवढंही श्रेय द्यायला मी तयार नाही.

एवढं मात्र सांगायला हवं. २०१३च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, बर्फाचं वादळ झालं. बर्फ नव्हे, पडल्या पडल्या गोठणारा पाऊस. झाडांच्या फांद्या काचेच्या होऊन तारांवर पडल्या. टोरांटो आणि आसपासच्या लाखो घरांतली वीज गेली. काहींची नाताळ उलटून गेला तरी आली नव्हती. आमच्या गल्लीतली तमाम यंत्रं, डच, जपानी, चिनी, एका पातळीवर आली. त्या पहिल्या सकाळी काका दारात. टॉर्च होतीच. त्यांच्याकडे गॅसची शेगडी आहे. ती काडीने पेटवून मोठ्या पातेल्यात पाणी तापवलेलं, आणि एका चाळणीत कागदाचा फिल्टर बसवून वरून हाताने, हळूहळू, गोल गोल ओतून काढलेली कॉफी. गल्लीत एक पोलिश आजी, एक पंजाबी कुटुंब, एक जमैकाचे गृहस्थ आणि आम्ही. प्रत्येक दारात जाऊन थर्मासमधून पेले भरले. बोट बुडेल एवढा बर्फाचा थर, त्यात पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस थर्मास सांभाळत चालतोय, आणि बोलतोय काय? तर १९०८ साली ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद काढला, पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, आणि त्यातून कॉफी गाळली, त्याचं पेटंट घेतलं. "बाईनं केलं ते एवढंच," काका पोलिश आजींना सांगत होते, "त्यानंतर लोकांनी त्याला नुसतं प्लग लावलं." आजींना इंग्रजी बेताचं. पण त्यांनी काकांचा गाल थोपटला. कॉफी, सांगायला नको वाटतं पण, फार उत्तम होती. पितळेचं भांडं, खिळा, टीपकागद. बूड बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं म्हणून की काय, काका त्या दिवशी अगदी मोकळे वाटले.

गेल्या वर्षी भाचा पुण्याहून शिकायला आला आणि त्याला खोली बघायची होती. लिबर्टी व्हिलेजमध्ये. टोरांटोच्या पश्चिमेचा हा भाग पूर्वी कारखान्यांचा आणि तुरुंगांचा. सुटलेले कैदी पहिलं पाऊल ज्या रस्त्यावर टाकायचे त्याला लिबर्टी नाव पडलं. आता काचेचे टॉवर आणि कुत्री फिरवणारी तरुण मंडळी. तिथल्या भाड्यात सांगलीला वाडा मिळेल. काका न बोलावता आले. यंत्रं बघायला म्हणून. भाड्यात फ्रिज, शेगडी, कपडे धुण्याचं यंत्र सगळं होतं.

दलाल मुलगी खिडकीतून दिसणारं सरोवर दाखवत होती, तेवढ्यात काका कपाटातल्या वॉशिंग मशीनमागे टॉर्च घालून गुडघ्यांवर. नेहमीचंच. मी ओशाळून हसलो. काका आतूनच म्हणाले, "इथं गेट होतं."

मला वाटलं यंत्राबद्दल बोलतायत.

"स्ट्रॅकन ॲव्हेन्यूला. इंग्लिसचं. सकाळी सातची पाळी." इंग्लिस म्हणजे इथली एकेकाळची नावाजलेली कंपनी. १८५९ मध्ये ग्वेल्फमध्ये सुरू झालेली, मग टोरांटोत आलेली. दुसऱ्या महायुद्धात तिथे बायकांनी ब्रेन नावाच्या मशीनगन बनवल्या. ‘रॉनी’ नावाने गाजलेली ती फोटोतली मुलगी इथलीच. युद्धानंतर घरगुती यंत्रं. गार्डिनर महामार्गावरून जाताना त्यांची मोठी पाटी दिसायची आणि तिच्यावर रोजचा सुविचार असायचा, आपल्या शाळेच्या फळ्यावर असतो तसाच. काका भारतातून आले ते तिथे तपासनीस म्हणून लागले. यंत्र पट्ट्यावरून आलं की ते तिरकं करायचं, तळ बघायचा, मागचा पत्रा बघायचा, सगळं ठीक असेल तर आपला शिक्का मारायचा आणि पुढे सोडायचं. दिवसभर तेच. वर्षानुवर्षं तेच. १९८९च्या १ जानेवारीला अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच वर्षी स्ट्रॅकनचा कारखाना बंद झाला. मग इमारत पाडली.

"स्कार्बरोला, हॅमिल्टनला, कुणाच्याही तळघरात जुनं मशीन दिसलं की मी मागं बघतो," काका बाहेर येत, गुडघे झटकत म्हणाले. "दोनदा सापडलं. माझा शिक्का. चालू होतं हो. एकीनं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते." मग नेहमीच्या आवाजात, "हे कुठं बनलंय ते लिहिलंय, पण कुणी तपासलं ते नाही लिहिलेलं."

दलाल मुलीने विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का. काका म्हणाले, "नो नो, व्हेरी गुड मशीन." मी त्यांच्या तोंडून कुठल्याही यंत्राबद्दल हे शब्द त्याआधी ऐकलेले नव्हते, आणि ते खरे नव्हते हेही मला कळलं.

भाच्याने खोली घेतली. त्याला आमच्यासारखंच एक साधं कॉफीयंत्र हवं होतं. काकांनी त्याच्यासमोर वही उघडली: तापमान, वॉट, सुटे भाग, पाच वर्षांची वॉरंटी. पोराने ऐकून घेतलं. पुण्याचा आहे पण वळण चांगलं आहे. मग म्हणाला, "काका, भाडेकरार एक वर्षाचा. पुढच्या वर्षी मी कॅल्गरीला असेन नाहीतर व्हँकूव्हरला. स्वस्तातलं घेतो, जाताना इथेच टाकून देतो." काकांनी वही मिटली. काही बोलले नाहीत. गाडीत परत येतानाही नाही. गार्डिनरवर, ती पाटी जिथे असायची तिथून जाताना त्यांनी मला रेडिओ लावायला सांगितला. त्यांना इथला रेडिओ आवडत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तळघरातलं निरीक्षणाखालचं एक यंत्र उचललं, लोकांच्या वस्तू फुकट दुरुस्त करून देणारे स्वयंसेवक जमतात तिथे एका शनिवारी ते नेलं, झडप बदलली, नवा फ्यूज घातला, त्रिकोणी खाचेचे स्क्रू काढून साधे बसवले, आणि भाच्याकडे पोचवायला स्वतःच निघाले. लेकशोअर वेस्टच्या गो ट्रेनने, मांडीवर यंत्र घेऊन. काकूंनी वर जायफळाची पुडी दिली होती.

दुपारी भाच्याचा फोन आला. आवाज दबका. "मामा, काका आलेत. कॉफी झाली, छान झाली. पण त्यांनी माझं वॉशिंग मशीन भिंतीपासून बाहेर ओढलंय. म्हणतात पाय समतल नाहीत, तपासल्याशिवाय कुणी सोडलं हे? आता ते परत आत जात नाहीये. आणि मालकीणबाई साडेपाचला भाडं न्यायला येतायत."

मी विचारलं, "काका काय करतायत?"

"खाली झोपलेत. टॉर्च धर म्हणतात."

"मग धर," मी म्हणालो.